पहिला बाण नाक्याचा, दुसरा आपला

संध्याकाळी साडेसातला मानकोली नाक्यावर जरा उभं राहून बघा. ठाण्याकडून येणारी वाहनं, अंजूरफाट्याच्या बाजूने रांगत येणारे कंटेनर, डोंबिवलीच्या मोठागाव पुलावरून आलेल्या दुचाक्या आणि या सगळ्यांच्या मधून रस्ता ओलांडणारी, गोडाऊनमधून सुटलेली पोरं-पोरी. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक, सॅकमध्ये रिकामा डबा. बरेचसे अठरा ते पंचवीस वयाचे, म्हणजे तुमच्या-माझ्यातलेच. चेहरे बघितले तर एकच शब्द सुचतो: वैताग.

हा वैताग मोठ्या दुःखात मोजला जात नाही. कुणी गेलं, नोकरी सुटली, प्रेम तुटलं की लोक विचारपूस करतात, खांद्यावर हात ठेवतात. पण सुपरवायझर चार लोकांसमोर ‘टार्गेट झालं का तुझं?’ असं खेकसला, शेअर रिक्षावाल्याने सुट्ट्यांवरून वाद घातला, इंटरव्ह्यूचा मेल आजही आला नाही, कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी कॅनडाचे फोटो टाकले, यातल्या कशासाठीच कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. आपणच म्हणतो, ‘काही नाही रे, मूड ऑफ आहे.’ आणि घरी पोहोचल्यावर आई ताट वाढत असताना तो मूड तिच्यावर निघतो. तिने फक्त ‘उशीर का झाला?’ एवढंच विचारलेलं असतं.

रोजच्या, किरकोळ वाटणाऱ्या या खराब मूडबद्दलच आज बोलायचं आहे. आणि त्यासाठी बुद्धाकडे जायचं आहे. ‘अध्यात्म नको’ म्हणून पान उलटू नका. यात अध्यात्म कमी आणि रोजच्या वापरातलं जास्त आहे.

पाली साहित्यातल्या संयुत्त निकायात एक छोटं सुत्त आहे, सल्ल सुत्त. सल्ल म्हणजे बाण. संस्कृतात शल्य. आपण मराठीत ‘मनात सल आहे’ म्हणतो तो सल याच घरातला. सुत्तातला मुद्दा साधा आहे. माणसाला एक बाण लागतो, दुखतं. हे दुखणं कुणालाही चुकलेलं नाही; शहाण्यालाही दुखतं, अडाण्यालाही दुखतं. फरक पुढे पडतो. ज्याला मनाची सवय माहीत नाही तो लगेच त्याच जागी दुसरा बाण मारून घेतो. शोक करतो, कुढतो, चडफडतो. पहिलं दुखणं शरीराचं होतं, दुसरं मनाने तयार केलेलं. ज्याने मन बघायला शिकून घेतलं आहे, त्याला एकच बाण लागतो.

आता हे नाक्यावर आणा. सुपरवायझर ओरडला, हा पहिला बाण. खरा आहे, दुखणारच. पण त्यानंतर काय होतं ते आठवा. बाहेर पडताना मनात तोच प्रसंग पुन्हा चालू होतो. या वेळी आपण त्याला जबरदस्त उत्तर देतो. मग तो आणखी काही बोलतो, आपण आणखी काही. मग ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ मग ‘बारावीला नीट अभ्यास केला असता तर.’ मग व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, कुणाचं नाव न घेता, पण ज्याला कळायचं त्याला कळेल असं. मग ते कुणी बघितलं, कुणी नाही, याची यादी. सुपरवायझर दहा सेकंद ओरडला होता. आपण दोन तास ओरडून घेतलं, आणि ओरडणारेही आपणच, ऐकणारेही आपणच. नाक्यावरच्या कोंडीचंही तेच. गाडी अडकली तो पहिला बाण. पुढचा पाऊण तास आपण जे शिव्याशाप मनात घोळवतो ते सगळे दुसऱ्या बाणाच्या भात्यातले. त्याने पुढचा ट्रेलर एक इंचही सरकत नाही.

हे वाचून ‘म्हणजे रागवायचंच नाही का?’ असं वाटलं असेल, तर थांबा. सुत्तात ‘दुखू देऊ नका’ असं म्हटलेलं नाही. इथेच बहुतेक मोटिव्हेशनल रील्स आणि बुद्धाची साधना यांचे रस्ते वेगळे होतात. रीलवाला सांगतो, गुड व्हाइब्स ओन्ली, हस, पॉझिटिव्ह विचार कर. साधना सांगते, आधी जे आहे ते आहे म्हणून बघ. सतिपट्ठान सुत्तात मनाकडे बघण्याची जी पद्धत सांगितली आहे तिला चित्तानुपस्सना म्हणतात. तिथे अपेक्षा एवढीच आहे की मनात द्वेष असेल तर ‘मनात द्वेष आहे’ हे कळावं आणि द्वेष नसेल तर तो नाही हे कळावं. मन आखडलेलं असेल तर आखडलेलं, विखुरलेलं असेल तर विखुरलेलं. या पायरीवर काही बदलायचंही नाही, स्वतःला झापायचं तर अजिबात नाही. नुसती हजेरी घ्यायची.

वाचायला सोपं वाटतं. करून बघा. राग आल्यावर आपण ‘मला राग आला आहे’ असं म्हणतच नाही. आपण म्हणतो ‘तो हरामखोर आहे.’ दोन्ही वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात तुम्ही रागाकडे बघताय, दुसऱ्यात राग तुमच्या डोळ्यांतून बघतोय.

मूड नेमका कोणता, हे ओळखण्यासाठी बौद्ध परंपरेत एक सुंदर युक्ती आहे, आणि परीक्षेला बसणाऱ्यांना तर ती फारच जवळची वाटेल. संगारव नावाच्या एका ब्राह्मणाने बुद्धांना विचारलं की पुष्कळदा घोकून पाठ केलेले मंत्रही ऐनवेळी का आठवत नाहीत? (पोलीस भरतीपासून तलाठी परीक्षेपर्यंत सगळ्यांचा प्रश्न.) उत्तरात बुद्धांनी पाण्याने भरलेल्या भांड्याचं उदाहरण दिलं. त्या पाण्यात तोंड बघायचं आहे. पण पाण्यात रंग मिसळलेला असेल तर तोंड दिसणार नाही. ती हाव, काहीतरी हवंच आहे ही ओढ. पाणी विस्तवावर उकळत असेल तर दिसणार नाही; तो राग, द्वेष. पाण्यावर शेवाळ साचलं असेल तर दिसणार नाही. तो आळस, सुस्ती. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठत असतील तर दिसणार नाही. ती अस्वस्थता आणि पश्चात्तापाची रुखरुख. आणि पाणी गढूळ असून अंधारात ठेवलं असेल तर दिसणार नाही, ती शंका. यांना पाच नीवरणं म्हणतात, म्हणजे पाच पडदे.

आपल्याकडे या पाचही गोष्टींना एकच नाव आहे: मूड ऑफ. पण उकळतं पाणी आणि शेवाळलेलं पाणी यांवर इलाज एकच कसा असेल? सेलमधला फोन घेता येत नाही म्हणून आलेली चिडचिड हे खरं तर रंगीत पाणी आहे. रविवारी दुपारी तीनपर्यंत लोळून संध्याकाळी येणारी उदासी हे शेवाळ. त्यावर आणखी लोळणं हा उपाय नाही, उठून अंगावर पाणी घेणं, खाडीच्या बाजूला चक्कर मारणं हा आहे. रात्री एक वाजता ‘आपलं पुढे काय होणार?’ ही लाट असते, आणि लाटेला आणखी विचार करून थांबवता येत नाही, कारण विचार हाच तिचा वारा आहे. तिथे श्वास कामाला येतो. नाकपुडीपाशी हवा आत जाते, बाहेर येते, एवढंच बघायचं. तुमच्यापैकी काहींनी शाळेत ‘मित्र उपक्रमा’त दहा मिनिटं डोळे मिटून हेच केलं असेल, बाजूच्याला कोपर मारत का होईना. त्याला आनापान म्हणतात. शाळेत ते कंटाळवाणं वाटलं कारण तेव्हा पाणी फारसं हललेलं नव्हतं.

राग मात्र वेगळा. उकळत्या पाण्याला श्वास पुरतोच असं नाही. तिथे शरीराकडे जावं लागतं. पुढच्या वेळी डोकं सटकलं की कारण बाजूला ठेवा आणि राग कुठे आहे ते शोधा. जबड्यात? दात आवळलेत? कानामागे गरम लागतंय? पोटात गोळा आहे? खांदे वर चढलेत? हाताची मूठ? एकेक जागा बघत गेलात की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते: ‘राग’ नावाची एक अखंड वस्तू सापडतच नाही. सापडतात त्या संवेदना, आणि त्या सारख्या बदलत असतात. गरम वाटणं कमी होतं, मग पुन्हा वाढतं, मग जागा बदलतं. तुम्ही त्याला नव्या गोष्टीचं सरपण घातलं नाही तर ते फार वेळ टिकत नाही. संवेदनेला पालीत वेदना म्हणतात, आणि ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी असू शकते. आपण मराठीत वेदना हा शब्द फक्त दुखण्यासाठी ठेवला. काय करणार.

विपश्यना म्हणतात ती हीच. आणि गंमत अशी, की मानकोलीवरून जो महामार्ग नाशिकला जातो तोच रस्ता कसारा घाट चढून साधारण शंभर किलोमीटरवर इगतपुरीला पोहोचतो, जिथे धम्मगिरी आहे. तिथे १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. ज्यांनी हे भारतात परत आणलं त्या सत्यनारायण गोएंकांची गोष्ट आजच्या विषयाला अगदी चिकटून आहे. ते ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, इतका की मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. सगळे डॉक्टर झाल्यावर १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन भिक्षू नव्हते, हिमालयातले साधूही नव्हते. ते सरकारी नोकर होते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, म्हणजे दिवसभर फायली आणि आकडे. आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठीही ते साधना चालवत. त्यांनी गोएंकांना आधी घ्यायलाच नकार दिला. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मन स्वच्छ करायला या. डोकेदुखी गेली तर तो वरचा फायदा समजा.

मला हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपण सगळे ध्यानाकडे गोळी म्हणून बघतो. मूड गेला, अ‍ॅप उघडलं, सात मिनिटं पावसाचा आवाज ऐकला, मूड आला. नाही आला तर ‘माझ्याकडून ध्यान होत नाही.’ पण मूड सुधारण्यासाठी केलेलं ध्यान म्हणजे मूडचीच नोकरी. तुम्ही बसता, आणि दर मिनिटाला आत डोकावून विचारता, ‘झालं का बरं? आता?’ हाही दुसरा बाणच, फक्त त्याला उदबत्ती लावलेली. खरा सराव असा की मूड खराब असताना खराब मूडसकट बसता येतं का ते बघणं. वीस मिनिटांनी तो गेला तर गेला, राहिला तर राहिला. एवढं झालं तरी त्या वीस मिनिटांत तुम्ही कुणावर खेकसला नाहीत, कुणाला मेसेज टाकला नाहीत, राजीनामा दिला नाहीत. हा फायदा काही कमी नाही.

दहा दिवसांचं शिबिर अनेकांना शक्य नाही, हे मान्य करायला हवं. शिबिराला फी नसते, राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, तेव्हा प्रश्न पैशांचा नाही. प्रश्न हजेरीचा आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे. ठेकेदाराच्या पटावर रोजाने काम करणाऱ्या पोराला दहा दिवस म्हणजे दहा दिवसांचा पगार आणि बहुधा परत आल्यावर जागा गेलेली. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा, हे सगळं ऐकायला रोमांचक वाटतं, पण ते ज्याला परवडतं त्याला परवडतं. म्हणून साधना शिबिरापुरती आहे असं समजलं की मानकोलीतल्या निम्म्याअधिक मुलांसाठी ती बंद झाली. तसं ती मुळात नव्हती. आपल्या आजूबाजूची लेणीच बघा. भिवंडी तालुक्यातच लोनाडला बौद्ध लेणं आहे. बोरिवलीच्या कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत. सोपारा हे बंदर होतं, आणि तिथे स्तूप होता. म्हणजे हे लोक जगापासून पळून रानात गेलेले नव्हते. ते मालाच्या रस्त्यालगत राहत होते आणि माल नेणारे-आणणारे त्यांच्याकडे थांबत होते. तेव्हा तांडे होते, आता ट्रेलर आहेत. वैताग तेव्हाही असणारच.

म्हणून साधी सोय. सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं. बसायला वेगळी खोली नसते, पलंगाच्या कडेवर बसा, घरच्यांना सांगून ठेवा. दिवसभरात, स्कॅनर हातात घेण्याआधी, रिक्षात बसल्यावर, फोन उचलण्याआधी तीन श्वास. आणि नाक्यावर अडकलात तर ती तयार बैठकच आहे. पण स्वतः गाडी चालवत असाल तर डोळे उघडे ठेवून, हात हँडलवर किती घट्ट आवळलेत एवढंच बघा. ज्यांच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं त्यांच्यासाठी तर आणखी सोपं आहे. लहानपणापासून तोंडपाठ असल्यामुळे आपण ते एका दमात म्हणून मोकळे होतो. पाचव्या शीलापाशी जरा थांबून बघा: नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं ते शील. शुक्रवारी पगार झाल्यावर ‘मूड बनवायला’ म्हणून जे होतं, त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. हे उपदेश म्हणून नाही सांगत. खराब मूडवर नशा चढवली की दुसऱ्या दिवशी सकाळी मूड तोच असतो, वर डोकं जड आणि खिसा हलका.

आता जो भाग मला सगळ्यात अवघड वाटतो तो. समोरच्याचं काय करायचं? एक गोष्ट प्रसिद्ध आहे. भारद्वाज कुळातला एक जण चिडून आला आणि बुद्धांना वाटेल ते बोलला. बुद्धांनी त्याला विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात का? येतात. त्यांना तू खायला देतोस? देतो. त्यांनी ते घेतलं नाही तर ते कुणाचं? माझंच. मग म्हणाले, तुझ्या शिव्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. गोष्ट भारी आहे, आणि सुपरवायझरसमोर मनातल्या मनात आठवली की थोडी मजाही येते. पण यात एक धोका आहे. ही गोष्ट ‘मी किती वरचा’ अशा तोऱ्याने वापरली तर ताट घेतलं नाही तरी पाहुण्याचा अपमान केलाच. त्यासाठी मेत्ता भावना आहे. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या केंद्रांत ती आनापानाच्या जोडीने शिकवली जाते. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग एखाद्या मित्राचं, मग ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही अशा माणसाचं, मग ज्याचा त्रास होतो त्याचं, मग सगळ्यांचं. सगळे थेट चौथ्यावर उडी मारतात आणि अडकतात. माझ्या मते तिसराच खरा. गेटवर तुमची बॅग तपासणारा वॉचमन. रोज दोनदा दिसतो. त्याचं गाव कोणतं? माहीत नाही. त्याच्यासाठी दोन मिनिटं मनात चांगलं आणता आलं, तर चौथ्यापर्यंत कधीतरी पोहोचता येईल.

इथवर आलेल्या एखाद्या वाचकाच्या मनात आता एक रास्त शंका असेल. म्हणजे बारा तास उभं राहायचं, ओव्हरटाइम बुडवला तरी गप्प बसायचं, खड्ड्यांतून जायचं, आणि श्वास बघायचा? मॅनेजमेंटला तर हेच हवं! खरंच, हल्ली काही कंपन्या ‘वेलनेस सेशन’ घेतात. पंखा बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि आंबेडकरी चळवळीतही विपश्यनेवर हा आक्षेप जुना आहे, की डोळे मिटले की अन्याय दिसेनासा होतो. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही.

याचं उत्तर शोधायला बाबासाहेबांकडेच जावं लागतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडलं? म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून, अशी गोष्ट आपण शाळेत शिकलो. बाबासाहेबांना ती पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा बघितलाच नव्हता? त्यांच्या मांडणीत कारण वेगळं आहे: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेलं भांडण. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं. पाण्याचं भांडण! उन्हाळ्यात टँकरसमोर हंड्यांची रांग बघितलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. म्हणजे दुःख फक्त मनाच्या आत उगवत नाही, ते माणसामाणसांच्या व्यवहारातही उगवतं, आणि तिथे बोलावं लागतं.

माझं म्हणणं असं, की दोन बाणांची गोष्ट नेमकी याच कामाची आहे. दुसरा बाण काढला नाही तर पहिला दिसतच नाही. सगळंच एक मोठं दुखणं होऊन बसतं: सुपरवायझर, ट्रॅफिक, नशीब, आई, मी. मन जरा निवळलं की वेगवेगळं दिसतं. स्टेटसवरून आलेला हेवा माझा आहे, तो मी बघून घेईन. आईवर ओरडणं माझं आहे. पण गेल्या महिन्याचे ओव्हरटाइमचे तास पगारात धरलेले नाहीत, हे माझं मन अशांत आहे म्हणून झालेलं नाही. ते हिशेबात झालेलं आहे. तिथे मेत्ता भावना करत बसायचं नाही. तासांची नोंद करायची, पगाराची पावती मागायची, सोबतच्या चौघांशी बोलायचं, कामगार कार्यालयात जायचं. उकळत्या पाण्याने हे होत नाही. उकळत्या पाण्याने एक दिवस सुपरवायझरची कॉलर धरली जाते, आणि मग गेटपास तुमचा जातो, त्याचा नाही. ऊ बा खिन शेवटी हिशेब तपासणारे होते, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. इथे आपण रोजच्या मूडबद्दल बोलतोय. सलग दोन आठवडे काहीच करावंसं वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीही बेचव झाल्या आहेत, जगणं नको असे विचार येताहेत, तर तो मूड नव्हे. तिथे उशीवर बसून श्वास बघणं पुरत नाही, कधी कधी एकट्याने डोळे मिटल्यावर जास्तच भीती वाटते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना विपश्यना केंद्रंही आधी डॉक्टरांकडेच जायला सांगतात. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर बाजूच्या कुणासाठी लागेल. यात लाज कसली? बाण खोल गेला असेल तर तो काढायला वैद्यच लागतो.

आणि ज्यांना एकट्याने हे जमत नाही, म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांना, त्यांनी जवळच्या बुद्धविहाराकडे जरा नव्याने बघावं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या त्याच ग्रंथाचं मराठीतून वाचन चालतं. समोर बहुतेक बायका बसलेल्या असतात, दिवसभर राबून आलेल्या, पांढऱ्या साड्यांतल्या. वंदनेनंतर काही मिनिटं सगळे शांत बसतात, कुणाचं बाळ रडतं, बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतो, कुणी डोळे उघडत नाही. आपल्या वयाची मुलं तेव्हा विहाराच्या बाहेर बाइकवर बसून फोन बघत असतात. आतल्या मावशींना चष्म्यातून बारीक अक्षर वाचताना त्रास होतो, आणि एक पान झालं की त्या दरवाजाकडे बघतात, वाचायला कुणी आलंय का ते.